लखनौचा हळवा सूर आणि काचेचा व्हॉल्व्ह

गाणे म्हणजे गळ्याची करामत, असे आपण मानतो आणि ते खरेही आहे. पण तलत महमूद यांचा थरथरता मखमली आवाज किंवा बेगम अख्तर यांच्या गाण्यात क्षणभर फाटणारा तो सूर आपल्या घरातल्या रेडिओपर्यंत कसा आला, याचा विचार आपण सहसा करत नाही. या दोन्ही आवाजांचे लखनौशी जवळचे नाते आहे. हे दोन्ही आवाज पल्लेदार किंवा खणखणीत नव्हते. शंभर वर्षांपूर्वीच्या ध्वनिमुद्रणाच्या तंत्रात असल्या आवाजांचे काय झाले असते, कोण जाणे! त्यांना आधार मिळाला तो काचेच्या एका छोट्या नळीचा. तिला व्हॉल्व्ह म्हणतात.

आज तीच नळी पुन्हा चर्चेत आहे. घराघरांत मुले मोबाइलवर आणि संगणकावर गाणी रेकॉर्ड करू लागली आहेत. त्यांच्या तोंडी सतत दोन शब्द असतात : व्हॉल्व्ह सॅच्युरेशन आणि कॉम्प्रेशन. पहिल्याने आवाजाला ऊब येते, दुसऱ्याने आवाज ठाशीव होतो, असे सांगितले जाते. त्यासाठी यंत्रे आणि सॉफ्टवेअर विकत घेण्याचा हट्टही धरला जातो. पालकांनी काय समजायचे? हे प्रकरण नेमके काय आहे आणि त्याचा उपयोग कितपत करावा? लखनौच्या संगीताच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर फार चांगले सापडते.

मराठी गुरुजींचे कॉलेज

लखनौ म्हटले की आपल्याला कथक, ठुमरी, गझल आणि नवाबी अदब आठवते. पण या शहरातील संगीत शिक्षणाचा पाया एका मराठी माणसाने घातला आहे. मुंबईच्या वाळकेश्वरला जन्मलेल्या पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय सुरू झाले. संयुक्त प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावावरून ते मॅरिस कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे त्याला भातखंडे यांचेच नाव देण्यात आले आणि आता तेथे विद्यापीठ आहे.

१९२८ पासून या कॉलेजची धुरा भातखंडे यांचे शिष्य पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्याकडे होती. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगल गावचे कृष्णा गिंडे वयाच्या अकराव्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांच्याकडे लखनौला शिकायला गेले आणि पुढे पंडित के. जी. गिंडे म्हणून नावारूपाला आले. व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग यांनीही येथे अध्यापन केले. संगीतकार रोशन आणि गायक तलत महमूद हे याच कॉलेजचे विद्यार्थी.

कॉलेजात सूर पक्का होत होता. पण तो सूर शहराबाहेर, देशभर न्यायला दुसरे साधन हवे होते. ते २ एप्रिल १९३८ रोजी मिळाले. त्या दिवशी आकाशवाणीचे लखनौ केंद्र सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १९३९ मध्ये, सोळा वर्षेही पूर्ण न झालेला तलत या केंद्रावरून गझला गाऊ लागला.

भोंग्यापुढे ओरडण्याचे दिवस

तलतच्या नशिबाचा भाग कोणता, हे समजण्यासाठी त्याआधीची स्थिती पाहिली पाहिजे. १९०२ मध्ये कोलकात्याला गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून जोरात गायचे. त्या आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा, पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. मध्ये वीज नव्हती, की आवाज वाढवण्याची सोय नव्हती. ज्याचा आवाज मोठा आणि टोकदार, त्याचीच रेकॉर्ड चांगली निघायची. हळुवार आवाज तबकडीवर उमटायचाच नाही.

१९२५ मध्ये अमेरिकेत विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण बाजारात आले आणि काही वर्षांतच ते भारतातही पोहोचले. आता गायकापुढे मायक्रोफोन आला. मायक्रोफोन आवाजाचे रूपांतर विजेच्या लहरींत करतो. पण ही वीज फार क्षीण असते. त्या काळच्या रिबन मायक्रोफोनमधून निघणारा दाब एका व्होल्टच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असे. ती वाढवायचे काम व्हॉल्व्हने केले. म्हणूनच कानाशी बोलल्यासारखा गाणारा गायकही तबकडीवर आणि रेडिओवर स्वच्छ ऐकू येऊ लागला.

नळीच्या आत काय होते?

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. १९०४ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन फ्लेमिंग यांनी तिचे पहिले रूप तयार केले. १९०६ मध्ये अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट यांनी तिच्यात आणखी एक भाग घातला आणि तिच्यातून पुढे आवाज वाढवणारे यंत्र घडले.

नळीच्या मधोमध एक भाग तापून लालसर होतो. तापल्यावर त्याच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. बाहेरच्या बाजूला धातूची प्लेट असते. तिला दोन-अडीचशे व्होल्टचा दाब दिलेला असतो, म्हणून इलेक्ट्रॉन तिच्याकडे धावतात. या दोघांच्या मध्ये तारेची बारीक जाळी असते. मायक्रोफोनची क्षीण वीज या जाळीला दिली, की तिच्या चढउताराप्रमाणे इलेक्ट्रॉनचा मोठा प्रवाह कमी-जास्त होतो. नळाची तोटी दोन बोटांनी फिरवावी आणि पाण्याची मोठी धार कमी-जास्त व्हावी, तसाच हा प्रकार आहे. बोटांचे काम थोडे, परिणाम मोठा.

पण तोटीलाही मर्यादा असते. ती पूर्ण उघडल्यावर आणखी कितीही फिरवली तरी पाणी वाढत नाही. पूर्ण बंद केल्यावर आणखी आवळून कमी होत नाही. व्हॉल्व्हचेही तसेच होते. आवाज फार मोठा झाला की व्हॉल्व्ह त्याच्या सोबत पूर्ण वर जाऊ शकत नाही. लहरीचे उंच शेंडे थोडे दबतात, गोलसर होतात. यालाच सॅच्युरेशन म्हणतात. चांगल्या व्हॉल्व्हचे वैशिष्ट्य असे, की ही मर्यादा एकदम येत नाही, हळूहळू येते. संगणकात मात्र ठरावीक रेषेच्या वर गेलेला आवाज कात्रीने कापावा तसा कापला जातो आणि कानाला खरखरीत, फाटका लागतो.

जवारीचा दोरा

शेंडे दबले म्हणजे आवाज बिघडला, असेच कोणीही म्हणेल. शास्त्राच्या दृष्टीने तो बिघाडच आहे. मग तो गोड का लागतो? ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांना याचे उत्तर लगेच पटेल.

तंबोऱ्याची तार घोडीवरून जाते तेथे तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की एरवी मुकी वाटणारी तार एकदम झंकारू लागते. याला आपण जवारी लागली असे म्हणतो. त्या एका तारेतून मूळ सुराबरोबर वरचे अनेक सूर ऐकू येतात. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, हा तर गाणाऱ्यांच्या नेहमीच्या अनुभवाचा भाग आहे. मिरजेचे तंबोरे देशभर नावाजले जातात, त्यात जवारी काढण्याच्या कारागिरीचा मोठा वाटा आहे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

व्हॉल्व्ह याच जातीचे काम करतो. लहरीचे शेंडे गोल झाले, की मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे नवे सूर तयार होतात. समजा, गायकाचा षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा आहे. दुप्पट म्हणजे ४८०, तो झाला वरच्या सप्तकाचा षड्ज. तिप्पट ७२०, तो वरचा पंचम. चौपट ९६०, पुन्हा षड्ज. पाचपट १२००, म्हणजे गंधार. हे सगळे मूळ सुराचे जवळचे नातेवाईक. व्हॉल्व्हच्या साध्या जोडणीत त्यांतला दुप्पटचा सूर जास्त उमटतो. तो षड्जाचाच वरचा षड्ज असल्यामुळे परका वाटत नाही. आवाज थोडा भरीव, थोडा जवळचा वाटतो. स्टुडिओतले लोक ज्याला ऊब म्हणतात ती हीच.

मात्र येथे एक मेख आहे. एकच सूर असेल तर त्याचे नातेवाईक गोड. पण तबला, सारंगी, हार्मोनियम आणि गळा हे सगळे एकाच व्हॉल्व्हमधून जोरात पाठवले, तर त्यांच्या कंपनांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन असे सूर उमटतात, ज्यांचे रागाशी काहीच नाते नसते. मग ऊब जाते आणि गोंधळ उरतो. म्हणून जाणकार ध्वनिमुद्रक सॅच्युरेशन एकेका आवाजाला वेगळे आणि अगदी थोडे देतात. जवारीचा दोराही जरा जास्त सरकला की तंबोरा बेसूर खणखणू लागतो, तसेच हे.

रिमोट हातात घेतलेले आजोबा

आता दुसरा शब्द, कॉम्प्रेशन. त्यासाठी आपल्या घरातलेच उदाहरण घ्या. दूरदर्शनवर मालिका चालू आहे. आजोबा रिमोट हातात घेऊन बसले आहेत. पात्रे कुजबुजू लागली की ते आवाज वाढवतात. पार्श्वसंगीत दणाणले की कमी करतात. लहान आणि मोठ्या आवाजांतले अंतर त्यांनी कमी केले. कॉम्प्रेसर नावाचे यंत्र हेच काम सेकंदाच्या काही हजाराव्या भागात करते.

त्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, कोणत्या पातळीच्या वर आवाज गेला की हात घालायचा. दुसरी, किती प्रमाणात दाबायचे. प्रमाण चारास एक ठेवले, तर ठरवलेल्या पातळीच्या १२ डेसिबल वर गेलेला आवाज फक्त ३ डेसिबल वर राहतो. तिसरी, हात किती चपळाईने घालायचा. चौथी, तो किती वेळाने काढायचा. शेवटी सगळा आवाज थोडा वाढवून घेतला, की दबलेली शिखरे आणि वर आलेल्या दऱ्या मिळून आवाज ठाशीव ऐकू येतो.

हे यंत्र हौसेतून जन्मलेले नाही. ती रेडिओची गरज होती. मैफलीत मंद्र सप्तकातला आलाप आणि तार सप्तकातली टीप यांच्या ताकदीत हजारपटींचे अंतर पडू शकते. प्रक्षेपकाला इतके अंतर झेपत नाही. आवाज फार वाढला की प्रक्षेपण फाटते आणि शेजारच्या केंद्राच्या कार्यक्रमात घुसते. फार कमी झाला की तो खरखरीत बुडतो. तबकडीवर तर मोठ्या आवाजाची रेघ शेजारच्या रेघेत शिरायची भीती. म्हणून नियंत्रण कक्षात बसलेला तंत्रज्ञ काट्याकडे पाहत सतत बटण फिरवत असे. १९३७ च्या सुमारास अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकने हे काम आपोआप करणारे यंत्र रेडिओ केंद्रांसाठी बाजारात आणले.

जुन्या घरगुती रेडिओतही याच तत्त्वाची सोय असे. त्यातला एक व्हॉल्व्ह असा बनवलेला असे, की केंद्राचा संदेश जोरदार आला की तो आपली वाढवण्याची शक्ती आपणहून कमी करी. म्हणून जवळचे आणि दूरचे केंद्र साधारण सारख्याच आवाजात लागे. काही रेडिओंवर लुकलुकणारा हिरवा डोळा वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल. केंद्र नीट लागले की तो मिटत येई. तोही व्हॉल्व्हच!

पुढे याच युक्तीतून स्टुडिओंची प्रसिद्ध यंत्रे तयार झाली. अमेरिकेच्या फेअरचाइल्ड कंपनीच्या ६७० या यंत्रात वीस व्हॉल्व्ह होते आणि वजन ३० किलोच्या आसपास. १९६० च्या दशकातल्या टेलेट्रॉनिक्सच्या एलए-२ए या यंत्रात तर आवाजाच्या चढउताराबरोबर आत एक छोटा पट्टा उजळतो आणि त्या उजेडाच्या प्रमाणात आवाज दबतो. उजेड गेल्यावरही त्याचा परिणाम हळुवार ओसरतो, म्हणून दाबही हळुवार सुटतो. गळ्याच्या आवाजाला ते आजही मानवते. आज संगणकावर वापरली जाणारी अनेक सॉफ्टवेअर या जुन्या यंत्रांच्याच नकला आहेत.

मायक्रोफोनपुढची अदब

पण लखनौच्या गायकांची खरी गंमत पुढेच आहे. मायक्रोफोनपुढे गाणाऱ्याला स्वतःलाच कॉम्प्रेसर व्हावे लागे. टीप घेताना मान किंचित मागे, कुजबुजताना थोडे पुढे. गळ्यातला जोर कमी, उच्चार स्वच्छ. जी अदब दिवाणखान्यात, तीच मायक्रोफोनपुढे.

तलत महमूद यांचे सारे सामर्थ्य या जवळिकीत होते. त्यांच्या आवाजात एक बारीक कंप होता. चित्रपटसृष्टीत आल्यावर काहींनी तो दोष ठरवला आणि तलत तो लपवू लागले, असे सांगितले जाते. तेव्हा संगीतकार अनिल विश्वास यांनीच त्यांना समजावले, की हा कंप हीच तुमची ओळख आहे. मोठ्या सभागृहात विनामायक्रोफोन गाताना हा कंप पहिल्या दोन रांगांच्या पलीकडे गेला नसता. मायक्रोफोन आणि व्हॉल्व्ह यांच्यामुळे तो लाखो घरांत गेला.

बेगम अख्तर यांची कथा तर आणखी हृदयस्पर्शी आहे. फैजाबादला १९१४ मध्ये जन्मलेल्या अख्तरीबाईंनी १९४५ मध्ये लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी विवाह केला आणि गाणे बंद झाले. प्रतिष्ठित घराण्यातील सुनेने मैफलीत गाणे त्या काळी मान्य नव्हते. गाणे सुटले तशी त्यांची प्रकृतीही ढासळली. १९४९ मध्ये त्या पुन्हा गायल्या, तेही आकाशवाणीच्या लखनौ केंद्रावर. बंद दाराचा स्टुडिओ, समोर श्रोते नाहीत, फक्त एक मायक्रोफोन. तेथून त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. पुढे त्यांनी भातखंडे महाविद्यालयात शिकवले. १९७४ मध्ये अहमदाबादला त्यांचे निधन झाले आणि लखनौच्या ठाकूरगंज भागातील पसंदाबागेत त्यांचे दफन झाले.

भावनेच्या ऐन शिगेला त्यांचा आवाज क्षणभर फाटत असे. गायनशिक्षक ज्याला दोष म्हणतील त्यावर रसिक जीव टाकत. तो सूर फाटण्याआधी त्या आवाज किती खाली आणत आणि नंतर किती शांतता ठेवत, हे कान देऊन ऐका. तो परिणाम लहान-मोठ्यातल्या अंतरावरच उभा आहे. ते अंतर पुसले तर उरते ती नुसती खर.

आवळण्याचा अतिरेक

दुर्दैवाने गेल्या काही दशकांत हे अंतर पुसण्याचीच चढाओढ लागली. मनुष्याच्या कानाची एक खोड आहे. दोन सारख्या गोष्टींपैकी जरा मोठ्याने वाजणारी त्याला अधिक चांगली वाटते. दुकानदारांनी आणि कंपन्यांनी ही खोड बरोबर ओळखली. १९९० च्या दशकापासून सीडीवरचे संगीत अधिकाधिक आवळून, अधिकाधिक मोठे केले गेले. २००८ मध्ये मेटॅलिका या प्रसिद्ध अमेरिकन बँडची एक सीडी इतकी आवळलेली निघाली, की खुद्द त्यांच्या चाहत्यांनीच ती पुन्हा नीट करून द्या, अशी मागणी केली.

दूरदर्शन संचावर जाहिरात लागली की आवाज एकदम का वाढतो, हा गृहिणींचा नेहमीचा प्रश्न. जाहिरातीचा सर्वांत मोठा आवाज मालिकेएवढाच असू शकतो. पण तिच्यातला प्रत्येक क्षण आवळून त्या मोठ्या पातळीला चिकटवलेला असतो. म्हणून ती कानावर आदळते. आपल्याकडे १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नियमांतही जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा, अशी तरतूद आहे.

यावर उपायही निघाला. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आवाज कानाला किती मोठा वाटतो, हे मोजण्याची पद्धत ठरवून दिली. आज इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या मोठ्या सेवा बहुधा याच पद्धतीने गाणी मोजतात आणि जास्त मोठे गाणे आपणहून खाली आणतात. म्हणजे ज्याने जीव काढून गाणे आवळले त्याला मोठेपणाचा फायदा मिळतच नाही. चपटेपणा मात्र कायमचा पदरी पडतो.

घरी रेकॉर्डिंग करताना

तुमच्या घरी गाणारे मूल असेल, तर या साऱ्यातून घ्यायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत.

● खर्चाआधी खोली पाहा. पंखा बंद करा. मोकळ्या भिंतीसमोर गाण्यापेक्षा कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर, गाद्या-रजया ठेवलेल्या कोपऱ्यात गा. खोलीचा घुमारा एकदा आवाजात शिरला, की कॉम्प्रेसर त्याला आणखी वर काढतो.

● मायक्रोफोन तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर ठेवा. टीप घेताना मान मागे घेण्याची सवय लावा. तलत आणि बेगम अख्तर यांच्या पिढीची ही युक्ती फुकट आहे आणि कोणत्याही यंत्रापेक्षा सरस आहे.

● रेकॉर्ड करताना सर्वांत मोठा आवाज वरच्या मर्यादेच्या १० ते १२ डेसिबल खालीच राहू द्या. काटा लाल पट्टीत गेला तर ते व्हॉल्व्हचे सॅच्युरेशन होत नाही, ते कात्रीचे काम होते आणि पुन्हा दुरुस्त करता येत नाही.

● ठुमरी, गझल, भावगीत यांना दोनास एक इतके प्रमाण पुरते. सर्वांत मोठ्या जागी ३-४ डेसिबलपेक्षा जास्त दाबू नका. हात फार चपळ ठेवला तर तबल्याच्या ‘ना’ची धार जाते आणि शब्दांचे आरंभ बोथट होतात. फार लवकर सोडला तर प्रत्येक ओळीनंतर श्वास भात्यासारखा फुसफुसतो.

● सॅच्युरेशन ऐकू येईपर्यंत वाढवा आणि मग ऐकू येईनासे होईपर्यंत कमी करा. तेथेच थांबा. तंबोऱ्याच्या आवाजाला ते देऊच नका. त्याची जवारी त्याला पुरेशी आहे.

● आधीचे आणि नंतरचे गाणे ताडून पाहताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. नाही तर मोठे तेच चांगले वाटेल आणि फसगत होईल.

खरेदीबाबतही सावध राहा. पारदर्शक खिडकीतून नारिंगी उजेड दिसतो म्हणून यंत्रात व्हॉल्व्ह काम करतोच असे नाही. काही स्वस्त यंत्रांत तो उजेड मागे लावलेल्या दिव्याचा असतो आणि व्हॉल्व्हला पुरेसा विद्युत दाबही दिलेला नसतो. शिकण्यासाठी मोफत मिळणारी सॉफ्टवेअर भरपूर आहेत. आणि एक महत्त्वाचे : माळ्यावरचा जुना व्हॉल्व्ह रेडिओ मुलांना उघडू देऊ नका. त्यात शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ आत साठून राहतो. ते काम जाणत्या मेकॅनिकचेच.

आजीच्या ओव्यांची कॅसेट

आणखी एक काम आज अनेक घरांत चालले आहे. जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवण्याचे. कोणाच्या आजीच्या ओव्या, कोणाच्या वडिलांचे कीर्तन, कोणाच्या बहिणीचे शाळेतले गाणे. येथे एक पथ्य जरूर पाळा. कॅसेट प्लेअरचे हेड साफ करून आवाज जसा आहे तसा, खरखरीसकट, आधी उतरवून घ्या आणि ती प्रत कधीही बदलू नका. तारीख, गाव आणि गाणाऱ्याचे नाव तिच्यासोबत लिहून ठेवा. मग दुसऱ्या प्रतीवर हवे ते प्रयोग करा.

कारण खरखर काढणारे सॉफ्टवेअर आणि आवळणारा कॉम्प्रेसर यांना आजीचा श्वास कोणता आणि टेपची खरखर कोणती, हे नीटसे कळत नाही. दोन्ही मिळून आवाज स्वच्छ करतात खरा, पण ओवीच्या शेवटी तिचा स्वर जरा कातर झाला होता, तो कातरपणा धुऊन निघतो. हरवलेली गोष्ट पुन्हा आणता येत नाही. आजी असती तर पुन्हा गायली असती, पण ती आता कोठे आहे?

काचेच्या नळीने संगीताला जे दिले ते मोठे आहे. ज्यांचा आवाज मंद, ज्यांच्या सुरात कंप, ज्यांना चारचौघांत गायची मुभा नाही, अशांना तिने घराघरात मानाने नेऊन बसवले. लखनौच्या केंद्रावर तेच घडले. आज त्याच नळीची नक्कल प्रत्येकाच्या संगणकात आहे. तिचा उपयोग मिठासारखा करावा. चिमूटभराने पदार्थाची मूळ चव खुलते. मूठभर घातले तर भाजी कोणती होती, तेही कळत नाही. तुमच्या मुलाचा आवाज लहान असेल, थोडा कापरा असेल, तर तो दाबून मोठा करण्याआधी एकदा दिवे मंद करून शांतपणे ऐका. कदाचित तीच त्याची ओळख असेल.